गुरुवारपर्यंत कळवावे, ही विनंती

४ मार्च, मंगळवार

आज नऊ जणांना मेल लिहिले. उत्तर एकाचं आलं, आणि तेही 'मी रजेवर आहे' असं आपोआप जाणारं.

नव्या नोकरीला महिना झाला. ही कंपनी बागेतली खेळणी बनवते. घसरगुंड्या, झोके, चढायच्या जाळ्या. पुढे ऑफिस, मागे वर्कशॉप आणि त्याच्या मागे मोठं आवार. तयार झालेलं प्रत्येक खेळणं त्या आवारात एकदा उभं करून बघतात आणि मग सुटं करून गिऱ्हाइकाकडे पाठवतात. मॅडमनी मला घेतलं ते समन्वयक म्हणून. त्यांच्या वडिलांच्या वेळची माणसं आहेत, सगळा कारभार तोंडी, कोणी काय कबूल केलं होतं ते नंतर कुणालाच आठवत नाही. ते सगळं मी लेखी आणायचं. सहा महिने बघणार, मग कायम करायचं की नाही ते ठरवणार.

पहिलंच मोठं काम मुलांच्या हॉस्पिटलचं आहे. त्यांच्या अंगणासाठी दुमजली खेळघर, एका बाजूला शिडी, दुसऱ्या बाजूला घसरगुंडी, वर गजांचा कठडा. तारीख ठरलेली आहे आणि तारखेशिवाय दुसरं काहीही ठरलेलं नाही.

अडलंय दोघांपाशी. एक, खरेदी बघणारे गृहस्थ. त्यांना काहीही विचारा, 'बघतो' म्हणतात. मी मनातल्या मनात त्यांचं नावच 'बघतो' ठेवलंय. दुसरे मास्तर. ते मुख्य डिझायनर. इथल्या प्रत्येकाला ड्रॉइंग वाचायला त्यांनी शिकवलं, म्हणून सगळे मास्तर म्हणतात. त्यांची मंजुरी आल्याशिवाय वर्कशॉपमध्ये एक पाइप कापला जात नाही. खेळघराची अकरा पानं त्यांना पाठवून आठवडा झाला. चकार शब्द नाही.

६ मार्च, गुरुवार

'कळवा' लिहिलं तर हुकूम वाटतो. 'कळवाल का' लिहिलं तर 'नाही' म्हणायची मोकळीक दिल्यासारखं होतं. 'कळवावे' बरं, पण ते सरकारी. शेवटी दोघांनाही लिहिलं, 'आपल्या सोयीनुसार कळवावे, ही विनंती.' नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "सोयीनुसार लिहिलंस ना, मग आता बस वाट बघत. सोय कुणाचीच कधी नसते."

खरं आहे. बघतोंचं उत्तर मात्र आलं. 'बघतो.'

७ मार्च, शुक्रवार

मास्तरांच्या खोलीत स्वतः गेले. खिडकीला पाठ करून बसले होते, समोर संगणक बंद. दारात उभी राहिले, हसले, मान हलवली. ते ढिम्म. मी खाकरले तेव्हा म्हणाले, "कोण?" महिनाभर रोज समोरून येते-जाते, आणि कोण.

"मी, समन्वयक. तुम्हाला मेल केला होता, खेळघराचा."

"हां हां. मेल कशाला करतेस? येऊन सांग ना तोंडाने."

"सांगितलेलं राहत नाही ना मास्तर. लेखी असलं की सगळ्यांनाच बरं."

"बस. वाचून दाखव काय आहे ते."

मला काय यांची लेखनिक समजतात? अकरा पानांची ड्रॉइंगं वाचून दाखवायची. म्हटलं, "तुमच्या संगणकावर आहेत, फक्त उघडायची आहेत." त्यांनी संगणकाला हातही लावला नाही. आणि बोलतानाही माझ्याकडे बघत नाहीत. माझ्या खांद्याच्या पलीकडे, भिंतीवर काहीतरी लिहिलेलं असावं असं तिकडे बघतात. जुन्या पिढीतल्या पुरुषांना बाईच्या हाताखाली, किंवा बाईच्या तगाद्याखाली, काम करणं जड जातं, हे मला समजतं. पण निदान तोंडाकडे बघून जड जाऊ द्या.

११ मार्च, मंगळवार

दुसरी आठवण पाठवली. या वेळी 'सोय' काढून टाकली. 'कृपया गुरुवारपर्यंत कळवावे, ही विनंती. पुढील काम आपल्या उत्तरावर अवलंबून आहे.' सभ्य आहे आणि थोडं टोचतंही. मला आवडलं.

जेवायच्या सुट्टीत मास्तर सगळ्यांबरोबर बसतात, नेहमीच्याच खुर्चीवर. आज कुणीतरी खुर्च्या हलवल्या होत्या तर केवढे चिडले. "खुर्च्या जागच्या जागी ठेवत जा, कितीदा सांगायचं." नंतर किटलीतून चहा ओतताना गप्पांच्या नादात निम्मा टेबलावर ओतला. ड्रॉइंग काढणाऱ्या मुलीने मुकाट्याने फडकं आणून पुसलं. सगळ्यांनी असे लाड करून ठेवलेत.

संध्याकाळी त्यांच्या बायको फाटकापाशी उभ्या असतात. रोज. दोघं हात धरून बसथांब्याकडे जातात. या वयात हे कौतुकाचं वाटतं खरं, पण साडेपाचच्या ठोक्याला निघून जायचं आणि मेलला उत्तर द्यायचं नाही, हे कौतुक मला झेपत नाही.

१३ मार्च, गुरुवार

गुरुवार आला. उत्तर नाही.

हॉस्पिटलच्या बाईंचा फोन आला. त्या तिथल्या खेळवर्गाच्या प्रमुख आहेत. मुलांनी भिंतीवर खेळघराचं चित्र लावलंय म्हणाल्या, रोज विचारतात. मी म्हटलं, सगळं वेळेत आहे. फोन ठेवल्यावर माझेच कान गरम झाले.

मॅडमनी बोलावून विचारलं, "कुठपर्यंत आलं?" मी मोघम सांगितलं. मॅडम मोघम ऐकून घेत नाहीत. "तुला मी मोघम काढायलाच आणलं ना?"

१४ मार्च, शुक्रवार

करून टाकलं. मास्तरांना तिसरा मेल, आणि प्रत मॅडमना. 'यापूर्वी दोनदा विनंती करूनही आपले उत्तर प्राप्त झालेले नाही. सोमवारी दुपारपर्यंत मंजुरी न मिळाल्यास हॉस्पिटलला दिलेली तारीख पाळणे शक्य होणार नाही व त्याची जबाबदारी निश्चित करावी लागेल.'

पाठवा दाबलं. मग गार पाणी प्यायले.

ताईला फोनवर सांगितलं. ताई म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाला असं चारचौघांत?" चारचौघांत कुठे, फक्त मॅडमना प्रत. ताई कधी ऑफिसात बसलेली नाही, तिला प्रत म्हणजे काय ते कळत नाही. किंवा नेमकं कळतं.

१७ मार्च, सोमवार

उत्तर आलं. दुपारच्या आत. एक शब्द. 'मजूर'.

अनुस्वार द्यायलासुद्धा वेळ नाही साहेबांना. मंजूरचं मजूर केलं. आता यात मजूर कोण, मी की ते, हे विचारायला चौथा मेल लिहिणार नाही. मी हसत हसत वर्कशॉपला कळवून टाकलं. मॅडमचा मेल आला, 'छान पाठपुरावा.' दोन शब्द, पण मी तीनदा वाचले.

मनात एवढंच आलं, की अकरा पानं आणि एक सकाळ. तीन आठवडे जमलं नाही ते एका सकाळीत कसं जमलं? म्हणजे आधीही जमलं असतं. केलं नाही, एवढंच.

२१ मार्च, शुक्रवार

गाडी रुळावर आली. पाइप कापले, जोडकाम सुरू झालं. बघतोंनी चक्क 'बघितलं' असं उत्तर पाठवलं. मी ते जपून ठेवलंय.

मास्तर मात्र माझ्याशी बोलायचे बंद झालेत. जिन्यात समोरासमोर आलो, कठड्याला धरून खाली उतरत होते. मी बाजूला झाले आणि मुद्दाम काही बोलले नाही, बघू तरी ओळख देतात का. सरळ निघून गेले. ठीक आहे. मी इथे मैत्री करायला आलेले नाही.

२८ मार्च, शुक्रवार

आज लिहिलं नाही तर झोप येणार नाही.

आज माझ्या लेकीच्या, ठकीच्या शाळेला सुट्टी. नवरा कामासाठी परगावी, शेजारच्या काकू आजारी. मॅडमची परवानगी काढून ठकीला बरोबर नेलं. खेळघर आवारात उभं राहिलं होतं, निळं-पिवळं, इतकं देखणं की मलाच चढावंसं वाटलं. जोडारी म्हणाले, "ताई, सगळं घट्ट आहे, खेळू दे तिला." मी खाली उभी राहून फोनवर बोलत होते. अर्थातच कुणाच्या तरी राहिलेल्या उत्तरासाठी.

वरून ठकीने हाक मारली, "आई, इकडे बघ." वरच्या मजल्याच्या कठड्याच्या गजांमधून तिने डोकं बाहेर काढलं होतं. मी बोटाने 'थांब' म्हटलं आणि बोलत राहिले. मग तिचा आवाज बदलला. डोकं आत जाईना. कान अडकत होते. ती मागे ओढायला लागली तशी कानांमागे लाल झालं, आणि ती जी रडायला लागली, तिला श्वास पुरेना.

मी वर कशी चढले ते आठवत नाही. मागून धरून ओढलं, ती किंचाळली. दोन जोडारी धावत आले, एक म्हणाला गज कापू, दुसरा म्हणाला ठिणग्या तोंडावर उडतील. तेवढ्यात मागून मास्तरांचा आवाज आला. "ओढू नका. कुणीही ओढू नका. तिचे हात सोडा."

त्यांना कुणीतरी शिडीपर्यंत आणलं, मग एकेक पायरी हाताने चाचपत ते वर आले. ठकीच्या डोक्यावर हात ठेवला, मग मानेवर, मग दोन्ही गजांवरून बोटं फिरवली. तिला म्हणाले, "नाव काय तुझं? ठकी? ठकी, डोकं बाहेर गेलंय ना, आता आपण सगळ्या ठकीलाच बाहेर नेऊ. आधी एक हात दे. आता खांदा. श्वास सोड, मोठा." जोडाऱ्याला त्यांनी कठड्याच्या बाहेरच्या बाजूने शिडी लावून उभं केलं. ठकीला कुशीवर वळवलं, एक खांदा, मग दुसरा, मग पोट, आणि ती बाहेरून जोडाऱ्याच्या हातांत अलगद उतरली. कानाला खरचटलंय, बाकी काही नाही.

मी तिला घेऊन खाली बसले. मास्तर वरच होते. गजांच्या मध्ये मूठ घालून फिरवत होते. खाली येऊन म्हणाले, "मूठ फिरतेय इथे. चार बोटं जायला हवीत, मूठ नाही. ड्रॉइंगमध्ये किती आहे?"

ड्रॉइंग काढणाऱ्या मुलीने पान आणून बघितलं. तेरा सेंटिमीटर. असायला हवं होतं आठ. कठडा हलका दिसावा म्हणून तिने मधले गज कमी केले होते, वाटलं होतं मास्तर तपासतीलच.

मी म्हणाले, "तुम्ही मंजूर केलं होतं ना? बघितलं नव्हतं?"

ते माझ्या खांद्याच्या पलीकडे बघत म्हणाले, "दिसत नाही मला."

ड्रॉइंगवाली मुलगी रडत होती. तिला माहीत होतं. बहुतेक सगळ्यांनाच माहीत होतं, लेखी आणणारी मी सोडून.

२९ मार्च, शनिवार

ऑफिसला सुट्टी. ठकी कान दाखवत शेजारीपाजारी हिंडतेय. मी मास्तरांच्या घरी गेले. का गेले ते सांगता येणार नाही. रागाने गेले होते, एवढं नक्की.

त्यांच्या बायकोने दार उघडलं. मास्तर आतून म्हणाले, "ये. चालण्यावरून ओळखलं. फार तरातरा चालतेस."

दीड वर्षापासून मधोमधचं जायला लागलंय. कडेकडेने दिसतं. "तुझ्या तोंडाकडे बघितलं तर तोंड जातं. बाजूला बघितलं तर कान दिसतात, केस दिसतात." आधी मोठ्या कागदावरची ड्रॉइंगं ते भिंग घेऊन, ड्रॉइंगवाल्या मुलीकडून वाचून घेऊन तपासायचे. चालून जायचं. मग मी आले आणि सगळं पडद्यावर गेलं.

"सांगायचं ना," मी म्हटलं. "एकदा तरी. मी काय राक्षसीण आहे का?"

"तुला सांगितलं असतं तर तू लेखी घेतलं असतंस."

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नाही. त्यांना ते तसंच वाटत होतं. आणि मी घेतलंच असतं.

मग म्हणाले, "इतकी वर्षं लोक मला विचारायला येतात. मी कुणाला विचारत फिरायचं, 'हे काय लिहिलंय रे?' त्या सोमवारी ड्रॉइंगवाल्या मुलीला ताप होता, ती नव्हती. तुझा मेल बायकोने माझ्या फोनमध्ये बघून वाचून दाखवला होता. जबाबदारी निश्चित करावी लागेल. मला वाटलं मागच्या खेळघरासारखंच असेल हे. मंजूर लिहून टाकलं. चूक तुझी नाही."

तुझी नाही म्हणाले आणि मला जास्त राग आला. त्यांचा, माझा, त्या मेलचा. एका लहान पोरीचं डोकं अडकेपर्यंत हा माणूस गप्प बसला, आणि मी त्याला गप्प बसायलासुद्धा सोमवार दुपारपर्यंतचीच मुदत दिली होती. त्यांच्या बायकोने पुढे ठेवलेलं सरबत न पिता उठले. दारापाशी त्या हळूच म्हणाल्या, "मुलीचा कान कसा आहे? हे रात्रभर तेच विचारत होते." मी म्हटलं, बरा आहे.

३१ मार्च, सोमवार

मॅडमचा मेल सकाळीच. 'ड्रॉइंग कधी पाठवले, मंजुरी कुणी व कधी दिली, सविस्तर लेखी. आजच्या आज.'

माझ्याकडे सगळं आहे. तारखा, तीन विनंत्या, त्यांचं उत्तर. पाच मिनिटांचं काम. ते नुसतं पुढे पाठवलं असतं तर मी धुतल्या तांदळासारखी आणि मास्तर घरी. चार वाजेपर्यंत काही पाठवलं नाही. मॅडमचा माणूस दोनदा विचारून गेला. शेवटी उठून त्यांच्या खोलीत गेले, तर मास्तर आधीच तिथे बसलेले. त्यांनी सगळं सांगितलं होतं. मॅडम खिडकीकडे बघत होत्या. वडिलांच्या मांडीवर बसून ज्यांच्याकडून पेन्सिल धरायला शिकल्या, ते हेच मास्तर, असं मला नंतर कळलं.

मी म्हणाले, "मॅडम, अकरा पानं बघायला मी अर्धा दिवस दिला होता. आणि ती कुणी कशी बघणार, हे मी एकदाही विचारलं नाही. मी फक्त उत्तर मागत होते."

"मग आता काय करायचं म्हणतेस?"

मला त्या क्षणापर्यंत काही सुचलेलं नव्हतं. तोंडातून निघालं, "मंजुरी पडद्यावर नको. ड्रॉइंग मी त्यांना वाचून दाखवीन, आकडे दुसरं कुणीतरी ताडून बघेल. आणि खेळणं आवारात उभं राहिलं की ते हाताने तपासतील. मोजपट्टी मी धरीन. तिघांच्या सह्या."

"त्यात तुझा किती वेळ जाईल?"

"पुष्कळ."

"लेखी पाठव."

"उत्तर कधी मिळेल?"

मॅडम म्हणाल्या, "बघते."

४ एप्रिल, शुक्रवार

मॅडमचं उत्तर आलं. तीन महिने करून बघा. मास्तर आता मुख्य डिझायनर नाहीत, सल्लागार. खोली बदलली, खिडकी गेली. माझी परीक्षाही तीन महिन्यांनी वाढली. मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं, त्या खिडकीचा उजेड डोळ्यांत जायचा." खरं की खोटं, कळायला मार्ग नाही.

८ एप्रिल, मंगळवार

कठडा नवा केला. आज सकाळपासून मी मास्तरांना पानं वाचून दाखवली. असं वैतागवाणं काम मी जन्मात केलेलं नाही. प्रत्येक आकडा दोनदा. मध्येच डोळे मिटतात, वाटतं झोपले, आणि आपण एखादी ओळ गाळली की म्हणतात, "खिळ्यांचं राहिलं." सातव्या पानावर अडून बसले, हे चुकीचं आहे म्हणाले. आवारात गेलो, मोजलं, बरोबर निघालं. "बरं. पुढे," एवढंच. माफी नाही, काही नाही. मग घसरगुंडीच्या कडेवरून हात फिरवताना एका जागी थांबले. नटाचं टोक बाहेर आलेलं. सगळे नट उलटे बसवायचे. म्हणजे आणखी आठवडा. जेवायची वेळ टळून गेली होती आणि मी मनात त्यांना काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

हॉस्पिटलला कळवणं आलं. मॅडम म्हणाल्या होत्या, 'तांत्रिक कारणास्तव' लिही. मी बसून लिहिलं, 'आपणांस कळविण्यास अत्यंत खेद होतो की काही अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव'. मास्तर शेजारच्या खुर्चीवर होते. म्हणाले, "वाच." वाचलं.

"एवढी वाकतेस कशाला? काय झालं ते सांग त्यांना. त्यांची पोरं चढणार आहेत त्याच्यावर."

"मॅडम काय म्हणतील?"

"प्रत पाठव ना त्यांना. तुला येतं ते."

हा मात्र टोमणा होता. मी सगळं पुसलं आणि लिहिलं. 'खेळघर तयार झाले होते. तपासताना वरच्या गजांमध्ये एका मुलीचे डोके अडकले. ती माझी मुलगी आहे, ती सुखरूप आहे. गज बदलले आहेत. आज हाताने तपासताना काही नट टोचतील असे आढळले, तेही बदलत आहोत. आधी सगळे वेळेत आहे असे मी सांगितले होते, ते खरे नव्हते. आणखी एक आठवडा द्यावा.' कळवावे लिहिलं नाही, विनंतीही नाही. राहूनच गेलं. मॅडमना प्रत टाकली.

मॅडमचं अजून काही नाही. हॉस्पिटलच्या बाईंचं उत्तर मात्र मी चहा आणायला उठेपर्यंत आलं. 'लागेल तेवढा वेळ घ्या. मुलांना मी सांगते. तुमच्या मुलीला घेऊन या, आधी तिला चढू दे.'

मास्तरांना वाचून दाखवलं. ते मग म्हणाले, "परत वाच."

परत वाचलं.